सत्तरपैकी बासष्ट

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रघुवीर करंदीकरला स्वतःची गाडी सापडत नसे. किल्लीचं बटण दाबत आणि कुठे दिवे लुकलुकतात ते बघत तो रांगांमधून हिंडायचा. पण स्वतःचं नाणं मी हजारात ओळखीन, असं तो छातीठोकपणे सांगे. डोळे बांधा, म्हणे, नुसतं बोट फिरवून सांगतो.

नाणं होतंही तसंच. अमेरिकेचं तीन डॉलरचं, सोन्याचं, १८५७ सालचं. आकाराने इथल्या, इंग्लंडातल्या, पेनीएवढं. पुढे पिसांचा मुकुट घातलेली बाई, मागे गव्हाकापसाची माळ. तीन डॉलरचं नाणं ही कल्पनाच अमेरिकेतल्या लोकांना फारशी रुचली नाही, त्यामुळे ती पाडली गेली थोडी आणि उरली त्याहून थोडी. "इकडे मीरतला बराकी पेटत होत्या आणि तिकडे फिलाडेल्फियात हे पाडत होते," हे वाक्य रघुवीर मिल्टन कीन्सच्या घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवी. त्याची बायको श्यामला नेमकी त्याच वेळी चहा टाकायला उठे.

या छंदात नाण्यांना मार्क असतात. सत्तरपैकी. साठ किंवा वर म्हणजे नाणं कुणाच्या खिशात कधी गेलंच नाही. साठच्या आत म्हणजे फिरलं, घासलं, थोडं झिजलं. अमेरिकेत त्यासाठी कंपन्या आहेत. त्या मार्क देतात आणि नाणं प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. रघुवीर पाठवत नसे. आपल्या नाण्याला बासष्ट मार्क आहेत हे स्वतःला स्वच्छ दिसत असताना दुसऱ्या कुणी सांगायची काय गरज?

ती गरज योएल पेणकरांनाही वाटत नव्हती. योएलकाका लंडनला हेंडनमध्ये राहत. मूळचे माझगावचे, बेने इस्रायली ज्यू. तरुणपणी इकडे आले, मुलं इंग्रजीत वाढली, आणि नातवंडांच्या लेखी मराठी म्हणजे आजोबा चिडले की बोलतात ती भाषा. रघुवीरची त्यांची ओळख नाण्यांच्या एका प्रदर्शनात झाली. शेजारी उभा असलेला टोपीवाला म्हातारा एका डीलरकडे बघत "लुटारू लेकाचा" असं पुटपुटला आणि रघुवीरला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कॉफी पिताना कळलं की दोघांकडेही सत्तावनचं तीन डॉलरचं नाणं आहे. मैत्री तिथे सुरू झाली आणि भांडणही तिथेच.

काकांच्या मते त्यांच्या नाण्याला बासष्ट आणि रघुवीरच्या नाण्याला फार तर पंचावन्न. रघुवीरच्या मते नेमकं उलट. आजवर दोघांनी एकमेकांची नाणी प्लास्टिकच्या डबीतूनच पाहिली होती, आणि डबी उघडून दुसऱ्याच्या हातात द्यायला कुणीच तयार नव्हतं. मार्चमधल्या एका रविवारी काका आणि सिप्पोराकाकू जेवायला आले, तेव्हा हा वाद कायमचा मिटवायचं ठरलं.

"आज दोन्ही उघडू," रघुवीर म्हणाला. "शेजारी शेजारी ठेवू. आंधळ्यालाही कळेल."

"आंधळ्यालाच कळेल," काका म्हणाले. "तुला नाही कळणार."

जेवणाच्या टेबलावर काळं मखमली कापड पसरलं, दिवा खाली ओढला, डब्या उघडल्या. दोन्ही नाणी कापडावर ठेवली. काका हात धुवायला गेले, कारण तेलकट हाताने नाण्याला स्पर्श करणं त्यांच्या मते चोरीपेक्षा मोठा गुन्हा होता. रघुवीर भिंग आणायला वर गेला. तेवढ्यात श्यामला भरल्या वांग्याचं पातेलं घेऊन आली. पातेलं गरम होतं, ठेवायला जागा नव्हती. तिने ते क्षणभर खिडकीत टेकवलं, कापडाची चारही टोकं उचलून पुरचुंडी केली आणि कपाटावर ठेवून दिली.

"हे काय केलंस?" भिंग हातात घेऊन रघुवीर दारातच उभा राहिला.

"काय केलं? तुमचा पसारा उचलला. वांगी गार होताहेत."

पुरचुंडी उघडली. दोन्ही नाणी एकमेकांना बिलगून पडली होती.

काका पुढे झाले, एक नाणं कडेने अलगद उचललं आणि म्हणाले, "हे माझं."

"कशावरून?"

"ह्या बाईच्या डोळ्याखाली, गालावर, बारीक खळगा आहे. बापाने मला दाखवला होता. युद्धाच्या दिवसांत माझगाव डॉकमध्ये एका अमेरिकन खलाशाने त्याला हे विकलं. खरं आहे हे दाखवायला खलाशाने दाताने चावलं, त्याचा हा व्रण."

रघुवीरचे कान तापले. "काका, तो खळगा माझ्या नाण्याला आहे. मी रोज बघतो. श्यामला, सांग त्यांना."

"मला त्यातलं काही कळत नाही," श्यामला म्हणाली.

"माझ्या बापाने दिलेलं नाणं तू माझ्यासमोर तुझं म्हणतोस?"

"दुसरं बघा ना मग. दुसऱ्याला खळगा नसेल, ते तुमचं."

काकांनी दुसरं नाणं भिंगाखाली धरलं. मग रघुवीरने धरलं. दुसऱ्या नाण्यालाही खळगा होता. तिथेच, तेवढाच.

इथे कुणी शांत डोक्याने विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शांत डोकं त्या घरात फक्त श्यामला आणि सिप्पोराकाकूंकडे होतं, आणि त्या दोघी वांगी वाढत होत्या. रघुवीरला वाटलं, म्हाताऱ्याने माझ्या नाण्याची खूण बघून ठेवली आणि घरी बसून टाचणीने आपल्याला तशीच पाडून घेतली. काकांनाही तेच वाटलं, फक्त उलट. दोघांनीही ते बोलून दाखवलं.

"सत्तर वर्षांचा होऊन गेलो," काका म्हणाले. "मला आजवर कुणी चोर म्हटलं नाही."

"मी चोर म्हटलं नाही. तुम्ही मला टाचणीवाला म्हणालात."

भाकरी अर्धी टाकून काका उठले. नाणी कुणी न्यायची यावरून पुन्हा जुंपली, कारण जास्त चकाकणारं नाणं दोघांनाही हवं होतं. शेवटी श्यामलाने दोन्ही डब्यांत बंद करून आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "निकाल लागेपर्यंत माझ्याकडे. कुणी पर्सला हात लावायचा नाही."

त्या रात्री रागाच्या भरात रघुवीरने पुण्याला भावाला मेसेज केला: "म्हाताऱ्याने माझं सोनं ढापलं. आता मी गप्प बसणार नाही." भावाचं उत्तर येईना. आलं ते भलत्याच लोकांचं. मेसेज मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला होता.

खाली उत्तरांची रांग लागली. कुणी विचारलं, मंगळसूत्र का? कुणी लिहिलं, घरात काम करायला वयस्कर माणूस ठेवूच नये. मेडनहेडच्या सुयशने कॅमेऱ्यांच्या कंपनीचा डिस्काउंट कोड पाठवला. रघुवीरने घाईघाईने मेसेज डिलीट केला, त्यामुळे प्रकरण फारच गंभीर आहे अशी सगळ्यांची खात्री झाली. मंडळाची सेक्रेटरी तनया हुशार आणि तत्पर मुलगी. करंदीकरांकडे त्या दिवशी जेवायला कोण होतं हे तिने श्यामलाच्या फेसबुकवरच्या फोटोवरून शोधलं आणि परस्पर पोलिसांना कळवलं.

मंगळवारी योएलकाकांना एका अतिशय नम्र पोलीस बाईचा फोन गेला. काकांना इतक्या वर्षांत साधं पार्किंगचं तिकीट मिळालं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि हा आपसातला प्रश्न दिसतो म्हणून फोन ठेवला. मग काकांनी रघुवीरला फोन केला.

"तू माझ्यामागे पोलीस लावलेस?"

"मी नाही लावले. तनयाने—"

"ही तनया कोण? तिला नाण्यातलं काय कळतं?"

"काका, माझं ऐकून तर घ्या."

"रविवारी लंडनला नाण्यांची फेअर आहे. हार्ग्रीव्ह्ज येतो. तो सांगेल कुठलं बासष्ट आणि कुठलं पंचावन्न. जे बासष्ट ते माझं. त्यानंतर तू मला काका म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," रघुवीर म्हणाला आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने फ्रिजचं दार तीनदा उघडलं आणि तीनदा आपटलं.

रविवारी जाताना तो गाडीत एकटाच भांडत होता. मिल्टन कीन्सच्या प्रत्येक राउंडअबाउटला एक मुद्दा. शेवटच्या राउंडअबाउटला तो मुद्दा मांडण्याच्या नादात दोनदा गोल फिरला.

"आधी सरळ जा," श्यामला म्हणाली. पर्स तिने मांडीवर घट्ट धरली होती.

हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. हार्ग्रीव्ह्ज कोपऱ्यात बसला होता. लांब चेहऱ्याचा इंग्रज माणूस, अमेरिकन सोन्यातला जाणकार. काका आणि सिप्पोराकाकू आधीच येऊन उभे होते. काकांनी रघुवीरकडे बघितलं नाही. श्यामलाने पर्समधून दोन्ही डब्या काढून टेबलावर ठेवल्या.

"यातलं चांगलं माझं आहे," काका इंग्रजीत म्हणाले.

"माझं आहे," रघुवीर म्हणाला.

हार्ग्रीव्ह्जने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भिंग डोळ्याला लावलं. पहिलं नाणं त्याने दिव्याखाली हळूहळू फिरवलं. दुसरं फिरवलं. पुन्हा पहिलं घेतलं. मग भिंग खाली ठेवून त्याने रुमालाने ते पुसलं. रघुवीरला ते पुसणं आवडलं नाही.

"ही दोन्ही एकाच माणसाकडून घेतलीत का?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

"डोळ्याखाली खळगा आहे. दोन्हींना."

"तो माझ्या नाण्याचा खळगा आहे," रघुवीर म्हणाला. "यांनी—"

"दोन नाणी वेगवेगळ्या हातांत फिरली," हार्ग्रीव्ह्ज शांतपणे म्हणाला, "तर त्यांना वेगवेगळ्या जखमा होतात. दोघांना त्याच जागी, त्याच मापाची जखम होत नाही. कुणीतरी एका खऱ्या नाण्यावरून साचा बनवला. त्या खऱ्या नाण्याला खळगा होता, तो साच्यात उतरला, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर आला. सोनं खरं आहे. वजनही बरोबर. पण दोन्ही नकली आहेत. असली पुष्कळ माझ्या हातून गेली आहेत. साठच्या दशकातला माल."

रघुवीरच्या पोटातला आठवडाभराचा राग एकदम निराधार झाला. तो राग कुणावर काढावा ते त्याला कळेना. स्वतःच्या नाण्याकडे बघावं म्हटलं, तर ते कुठलं तेही माहीत नव्हतं.

काकांनी टोपी काढली होती. "माझ्या बापाने मला दिलं," ते हळूच म्हणाले. "तेरा वर्षांचा झालो तेव्हा, बार मिट्झ्वाला. त्रेसष्ट साली. त्याला युद्धात मिळालं होतं, खलाशाकडून."

"त्रेसष्ट," हार्ग्रीव्ह्ज म्हणाला. "हो, तो काळ जुळतो. बहुधा तेव्हाच बाजारातून—"

सिप्पोराकाकूंनी नवऱ्याच्या बाहीला धरलं. काका टोपीच्या आतलं अस्तर बघत होते, जणू त्यावर काही छापलं आहे. आणि रघुवीरच्या निराधार रागाला अचानक घर मिळालं.

"तुम्ही तिथे होता का?" तो हार्ग्रीव्ह्जवर कडाडला. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळली. "युद्धाच्या वेळी माझगाव डॉकमध्ये तुम्ही होता?"

"मी जन्मलोही नव्हतो."

"मग? साठ सालाच्या आधी कुणी खोटी नाणी पाडलीच नाहीत? खलाशाला कुणी फसवलं नसेल? देता हमी?"

हार्ग्रीव्ह्जने काकांकडे पाहिलं. मग पुन्हा रघुवीरकडे. "हमी नाही देता येणार," तो म्हणाला. "लोक चाळीस सालीही फसत होते."

"मग झालं तर."

बाहेर फुटपाथवर चौघं उभे राहिले. गार वारा सुटला होता.

"ह्याला काही कळत नाही," काका म्हणाले.

"गाढव आहे," रघुवीर म्हणाला. "भिंगसुद्धा स्वस्तातलं होतं."

"दात बघितलेस त्याचे?"

पाच मिनिटं दोघांनी मिळून हार्ग्रीव्ह्जची मनसोक्त निंदा केली. त्याचा टाय, त्याचा आवाज, त्याची पुसायची पद्धत. आठवड्यात पहिल्यांदा रघुवीरला मोकळं वाटलं. मग त्याने श्यामलाकडून दोन्ही डब्या घेतल्या आणि काकांच्या कोटाच्या खिशात कोंबल्या.

"हे काय?"

"तुमच्या वडिलांचं ह्यातलं एक आहे. कुठलं ते कळत नाही. दोन्ही घेऊन जा, म्हणजे ते नक्की तुमच्याकडे राहील."

"मला तुझी भीक नको."

"भीक नाही. नकली आहे. घेऊन जा."

"नकली माल माझ्या घरात टाकतोस?"

"तुमच्या घरात एक आधीपासून आहेच ना?"

काका तणतणत गाडीत बसले, पण खिशावरचा हात त्यांनी काढला नाही. परतताना घराजवळ आल्यावर श्यामलाने रघुवीरच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं केलंस." त्यावर तो उगीचच पुढच्या गाडीवाल्यावर ओरडला.

त्यानंतर दोन आठवडे हेंडनहून काही आलं नाही. रघुवीरने मंडळाच्या ग्रुपवर खुलासा टाकला. तो कुणी वाचला नाही. तनयाने चोर सापडला का असं विचारलं. एका संध्याकाळी तो टेबलाशी बसून शेंगा सोलत होता, तेव्हा फोन वाजला.

"रघुवीर," काका म्हणाले. नमस्कार वगैरे काही नाही. "मी रोज बघतोय. खिडकीत, सकाळच्या उजेडात. आता कळलं. बापाचं कुठलं ते मला नक्की कळलं."

रघुवीर सावरून बसला. "खरंच? कसं कळलं, काका?"

"एकाला झळाळी आहे. पिसांची टोकं बघ, एक रेघ झिजलेली नाही. बासष्ट. नकली असलं म्हणून काय झालं? ते बापाचं. दुसरं अगदीच मळकट, फार तर पंचावन्न. ते तुझं. येऊन घेऊन जा, मला अडगळ नको."

रघुवीरने फोन ठेवला. टरफलं टेबलावर तशीच टाकून तो उठला, खुंटीवरचा कोट ओढला आणि गाडीच्या किल्लीसाठी खिसे चाचपू लागला.

"आता कुठे?" श्यामलाने विचारलं.

"हेंडनला," तो दात खात म्हणाला. "माझं भिंग कुठे आहे?"