खालच्या वाडीची अधिकृत थुंकी

आजार माणसाला होतो. तपासणी मात्र घराण्याची होते. घरात लग्नाची मुलगी असेल तर तपासणी दुसऱ्याची झालेली बरी. हे शास्त्र सरकारी दवाखान्याला ठाऊक नसल्यामुळे त्याने चौऱ्याऐंशी साली मालगुंडाअलीकडच्या आमच्या खालच्या वाडीत क्षयाच्या तपासणीसाठी माणशी एक थुंकीची डबी धाडली.

वाडीने पूर्ण सहकार्य केले. सगळ्या डब्या धोंडूने भरल्या.

धोंडू आमचा नारळ पाडणारा. दिवसभर माड चढला तरी दम म्हणून लागायचा नाही. असा माणूस हाताशी असताना ज्याने त्याने आपली संशयास्पद थुंकी देणं वाडीचे गावकर आप्पा यांना गैर वाटलं. (सरकारला द्यायचं ते चांगलंच द्यावं.)

आप्पांची सून गोदा तेव्हा वर्षभर खोकत होती, पण रीतसर. माघात मोहराचा खोकला, चैत्रात भाजावळीच्या धुराचा, श्रावणात ओलीचा. रक्त पडलं ते पानाचं ठरलं. (गोदा पान खात नसे. त्या दिवसापासून तिला खायला लावलं.) आप्पांच्या लेकीला, सखूला, वेळणेश्वरचं स्थळ ठरत आलं होतं.

"मामंजी, माझ्या डबीत माझी मी थुंकते," गोदा एकदा म्हणाली.

"आणि सखूला कोण पदरात घेईल गो?" आप्पा म्हणाले. "जा, धोंडूला चाय दे."

तेव्हापासून दर तपासणीला धोंडू गोदाच्या चुलीपाशी बसून, चाय पीत, वाडीच्या डब्या भरी. निकाल लख्ख येत. साहेबांनी वाडीचं जाहीर कौतुक केलं.

मग एका खेपेला सबंध वाडीला क्षय निघाला. तान्ह्या पोरांना निघाला. आदल्या वर्षी वारलेल्या सोनूबाईंनाही निघाला, कारण डबी त्यांच्याही नावाने आली होती आणि आम्ही ती वाया घालवली नाही.

दवाखान्याची दुर्बीण बिघडली, असा आप्पांनी निर्णय दिला. पण जीपभर गोळ्या आल्या. त्या व्याह्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून माडाच्या आळ्यात पुरायचं ठरलं, आणि असली कामं सुनेचीच असल्यामुळे गोदाला सांगितलं.

गोदाने आळं खणलं, बुजवलं, आणि गोळ्या मात्र तांदळाच्या कणगीत ठेवून रोज खाल्ल्या. पुरवठा वाडीभराचा असल्याने तुटवडा पडला नाही. सखूचं लग्न झालं. गोदाचा खोकला गेला. औषध न घेता गेला म्हणजे रोग नव्हताच, हे सिद्ध झालं.

धोंडू मात्र आता माडाच्या बुंध्याशीच बसून खोकायचा. गोदा त्याच्याकडे गोळ्या घेऊन गेली.

"थुंकी वाडीची होती, वैनी," धोंडू म्हणाला. "मग रोग पण वाडीचा. माका काय झालाय?"

त्याने गोळ्या घेतल्या नाहीत. गोदा घरी येऊन रडली.

पुढच्या तपासणीला निरोगी माणूस म्हणून वाडीने गोदाला गळ घातली. तिने साफ नकार दिला. (सुना हल्ली शेफारतात.) सखूचा नवरा सासुरवाडीला आला होता, त्याने डब्या भरल्या, धोंडूचीसुद्धा. एक शब्द विचारला नाही. सवयीचा हात दिसला.

धोंडू गेल्यावर आठवड्याने निकाल आला. निर्दोष. आप्पांनी तो तेराव्याला वाचून दाखवला आणि वाडीचं समाधान झालं.

वाचता वाचता मघाशी तुम्ही खोकलात. छे हो, काही नसेल, हवाच तशी आहे. तुमच्या नावाची डबी आली असेल तर ठेवून जा. जावई शिमग्यापर्यंत इथेच आहेत.