खुर्चीची फीत

"नव्या दवाखान्यात पैल्या दिवशी जाऊ नको गं बाई. पैल्या दिवशी तिथं इलाज न्हाई, नुसते पेढे भेटतेत."

माझ्या सासूबाई चतुराबाई यांनी भोकरहून फोनवर हा इशारा दिला, तेव्हा मी तो 'ग्रामीण भागातील आरोग्यविषयक गैरसमज' या सदरात टाकला. मी बी.एस्सी. आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. त्यामुळे माझं मत नेमकं उलट होतं. नव्या दवाखान्यात जायचं तर पहिल्याच दिवशी जावं. ज्या आरशात अजून कुणाचीच दाढ दिसलेली नाही, त्यात आधी आपल्या लेकराची दिसावी.

लेकरू म्हणजे शिवम, वय सहा. त्याची खालची डावी दाढ किडली होती आणि गाल सुजून वर आला होता. आदल्या दिवसापासून तो दुधाशिवाय काही तोंडात घेत नव्हता. दाढेची सूज कुठपर्यंत पोचू शकते, हे मी मोबाईलवर वाचत बसले होते. ती कुठपर्यंतही पोचू शकते. अशातच पेपरमधून एक पत्रक खाली पडलं: नांदेडनगरीत 'मुखशोभा डेंटल स्टुडिओ'चा भव्य शुभारंभ, त्यानिमित्त मोफत दंततपासणी, मान्यवरांच्या शुभहस्ते. शेवटचे दोन शब्द मी वाचले होते, पण त्यांच्यावर विचार केला नव्हता.

सोबत मामंजी निघाले. माझे सासरे शेषेराव नातवाला बघायला भोकरहून आले होते आणि आल्यापासून माझी चेष्टा करून राहिले होते. "दाढ दुखून राहिली लेकराची, न् तोंड वाकडं तुझंच," म्हणत त्यांनी टोपी चढवली.

स्टुडिओसमोर रस्ता अडवून मांडव घातला होता. दारात दाताच्या आकाराची रांगोळी होती आणि तिच्या दोन्ही मुळांशी समया तेवत होत्या. स्टुडिओचे डॉक्टर अवधूत यांच्या पत्नी देविकाताई एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात पैठणीचा पदर सांभाळत स्वागताला उभ्या होत्या.

"आपण पाहुणे की पेशंट?"

"पेशंट. ह्याची दाढ..."

"मग मागच्या खुर्च्यांवर. सोफा पाहुण्यांना आहे."

मी मागे न बसता सरळ आत गेले. डॉक्टर अवधूत कोट घालून होते. डॉक्टरांचा पांढरा नव्हे, लग्नातला. "एकदा बघता का? सूज आहे, अंगही गरम लागतंय," मी म्हणाले.

"ताई, बघितलं असतं. पण खुर्चीला फीत आहे."

फीत होती. रुग्णाच्या खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल रेशमी फीत ताणून बांधलेली. वरच्या दिव्याला झेंडूचा हार, ड्रिलच्या टोकाला हळदकुंकू, चूळ भरायच्या भांड्यात आंब्याची पानं आणि वर नारळ. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र असल्याने मी क्षणभर भिंतीचा आधार घेतला.

"खुर्चीत नका बसवू. उभ्याउभ्याच बघा, मी मोबाईलचा उजेड धरते."

"उजेडाचा प्रश्न नाही. बघितलं की ती तपासणी होते, आणि तपासणी साहेबांच्या शुभहस्ते आहे. मीच आधी हात लावला तर त्यांनी शुभारंभ कशाचा करायचा?"

"साहेब दातांचे डॉक्टर आहेत?"

"नाही हो," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब मान्यवर आहेत."

मान्यवर लातूरहून निघाले होते. त्यांची प्रगती देविकाताई माईकवरून कळवत होत्या. साहेब अहमदपुरात पोचले, तिथं पेट्रोल पंपावरच्या हवा भरायच्या यंत्राचा शुभारंभ होता. साहेब लोह्यात पोचले, तिथं एका गतिरोधकाचं लोकार्पण होतं, त्यामुळे गाडी थांबणं ओघानंच आलं. प्रत्येक घोषणेला मांडवात टाळ्या पडत होत्या. शिवम माझ्या मांडीवर गाल धरून कण्हत होता. टाळ्यांमुळे ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

रिकामा वेळ सत्कारी लावण्यात आला. घरमालकांचा झाला, फरशी बसवणाऱ्यांचा झाला, फ्लेक्स छापणाऱ्यांचा झाला. मग ज्यांनी हे सत्कार केले, त्यांचे झाले. शाली संपल्या तेव्हा आधीच्या सत्कारमूर्तींकडून त्या परत मागवून पुढच्यांना घालण्यात आल्या. प्रत्येकाला पेढा मिळत होता. भिंतीवर गोड खाण्याचे दुष्परिणाम दाखवणारं मोठं रंगीत चित्र होतं, त्यातल्या किडलेल्या दाढेवरही एक हार अडकवला होता.

"पेढे भेटतेत म्हणली होती तुझी सासू," मामंजी दुसरा पेढा खात म्हणाले. "पन लई चांगले भेटतेत, हे न्हाई म्हणली."

एवढ्यात देविकाताईंच्या लक्षात आलं, की साहेबांच्या हस्ते तपासायला एक प्रथम रुग्ण लागेल. माझ्या जिवात जीव आला. मी शिवमला उचलून पुढे केलं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"हा नको. गाल सुजलेला दिसेल. रडून पण राहिलाय. शुभारंभाला दुखणारा पेशंट बरा दिसत नाही, ताई." त्यांची नजर मामंजींवर गेली. "काका, तुमचे दात कसे आहेत?"

"माझे? ऊस सोलून खाऊन राहिलो अजून."

"दाखवा बरं."

मामंजींनी दाखवले. मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. दंतवैद्यकाला इतका लायक रुग्ण नांदेडात दुसरा सापडला नसता. त्याला काहीही होत नव्हतं.

मामंजींच्या डोक्यावर भगवा फेटा चढला, अंगावर शाल आली, दोन्ही हातांत पुष्पगुच्छ आला. फीत न तोडता त्यांना खालून अलगद सरकवून खुर्चीत आडवं केलं. साहेब कोणत्याही क्षणी येतील आणि तेव्हा दात दिसले पाहिजेत, म्हणून तोंड उघडं राहावं यासाठी दाढांमध्ये रबरी ठोकळा बसवला.

"आता बसवलाच ना खुर्चीत रुग्ण? मग माझ्याही मुलाला..."

"ते रुग्ण नाहीत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं कुठं काय दुखतंय?"

"आं," मामंजी म्हणाले.

साहेब आले. त्यांना घाई होती, पुढं हिमायतनगरला आणखी काही खुलं व्हायचं होतं. ऐनवेळी दारालाही एक फीत बांधली होती. गाडीपासून ती जवळ पडली, म्हणून त्यांनी तीच कापली. खुर्चीपर्यंत ते आले, मामंजींना हात जोडले, कॅमेऱ्याकडे वळले आणि हसणं हेच खरं आरोग्य असल्याचं सांगून निघाले. कात्रीचं चांदीचं ताट त्यांच्याच गाडीत गेलं. त्या गडबडीत कुणीतरी प्रेमानं शिवमच्या तोंडात पेढा कोंबला. तो नेमका त्या दाढेखाली गेला आणि माझं पोर असं किंचाळलं, की मी त्याला उचलून समोर दिसला तो ऑटो पकडला.

जुन्या मोंढ्याजवळ एक दवाखाना उघडा होता. तिथल्या खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, पंख्याला धूळ. मी नाक मुरडायच्या आत डॉक्टरीणबाईंनी "आ कर रे राजा" म्हणून काम सुरूही केलं. दाढेतला पू निघाला. संध्याकाळी शिवमनं वरणभात खाल्ला आणि मी प्रथमच नीट श्वास घेतला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "तुझ्या मामंजीला काय झालं गं? फोन लावून राहिले तर नुसतं आं आं. एका शब्दानं उलटून बोलले न्हाईत. तब्येत बरी हाय ना त्यांची?"

मी तशीच स्टुडिओकडे पळाले. डॉक्टर अवधूत बाहेरून कुलूप लावत होते.

"काळजी करू नका. दाराची फीत कापली, खुर्चीची राहिली. साहेबांकडं पुढची तारीख मागितली आहे. तोवर काका आत सुखरूप आहेत, एसी चालू ठेवलाय."

"द्या इकडं किल्ली. फीत मी कापते."

"ताई, आपण मान्यवर आहात का?"

"मी बी.एस्सी. आहे."

ते आदरानं हसले आणि गाडीत बसले.

रात्री स्टुडिओनं शुभारंभाचा फोटो टाकला. मी त्याखाली लिहिलं, 'आमचे मामंजी आत आहेत.' उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं. लातूरला नोकरीत असलेल्या माझ्या नवऱ्यानं तर, स्वतःच्याच वडिलांच्या फोटोला, अंगठा आणि 'हार्दिक अभिनंदन' पाठवलं. विचारलं तर म्हणाले, एवढं बारीक कोण बघतं.

म्हणून आता तुम्हाला विनंती. त्या बाजूला जाणं झालं तर जरा आत डोकावा. पेशंट म्हणून गेलात तर मागे बसवतील, तेव्हा पाहुणे म्हणून जा आणि खिशात कात्री ठेवा. जाणं होणार नसेल तर निदान तो फोटो पुन्हा एकदा उघडा. तुमच्याकडे तो आहे. त्याखाली तुमचाही अंगठा मी पाहिला आहे. साहेबांच्या खांद्यामागं भगवा फेटा दिसेल, तिथं बोटांनी मोठा करून बघा.

ते हसत नाहीयेत.