खासबागेतला माशाच्या तेलाचा वैरी

आमच्या खासबागेत माणसं गटारावरून भांडत, भिंतीवरून भांडत. रामू आप्पांचं भांडण माशाच्या तेलाशी होतं, आणि त्याचा आखाडा म्हणजे माझ्या औषधाच्या दुकानाची पायरी.

त्या काळी पोर जरा किडकिडीत दिसलं की डॉक्टर माशाच्या तेलाची बाटली लिहून देत. पोराच्या आईनं बाटली हातात घेतली रे घेतली, की पायरीवरून आवाज येई, "ठेव ती खाली, आक्का! माशाच्या काळजाचं तेल हाय ते. काळीज म्हंजे अंगातलं गाळणं. समदं इख तितंच साठतंय. च्या प्यावा, गाळण्यातला चोथा कोन पितंय गं?"

बाई बाटली ठेवून निघून जाई. मी दात-ओठ खाई.

आप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्मभर मुकादम. शास्त्राचं शिक्षण म्हणाल तर भज्यांच्या पुडीचा कागद. पण थाट प्रोफेसराचा! "तंबाखूवर फवारल्याली पावडर वढ्यात, वढ्याची नदीत, नदीची दर्यात, आनी दर्यातली माशात. कारखान्याचा पारा येगळाच!" हे सगळं तोंडातली बिडी न काढता.

"आणि बिडीचं काय, आप्पा?"

"बिडी आपल्या मळ्यातली हाय."



एकदा तर त्यांनी माझ्याच दुकानातली बाटली घेऊन पायरीवर त्या तेलाची पणती लावली. "धूर बगा! इख जळाय लागलंय!" धूर राहिला बाजूला, गल्लीतली झाडून सगळी मांजरं गोळा झाली. त्यांनी पणती उलथली, तेल चाटून पुसून साफ केलं आणि मजेत शेपट्या हलवत गेली. मी म्हटलं, "एकही मेलं नाही, आप्पा."

"इख मुरायला येळ लागतोय," आप्पा म्हणाले. ती मांजरं पुढं कित्येक दिवस त्यांच्या मागं मागं हिंडत होती.

शेवटी मी कंपनीच्या विक्रेत्यालाच विचारलं, यात खरंच काही असतं का हो? तो टाय सावरत म्हणाला, "दर्यात सगळंच असतं साहेब. तुम्ही कमिशन बघा." म्हणजे शहाणपणात दोघंही सारखेच.

माझं मत असं, की आप्पांचं वैर तेलाशी नव्हतंच. त्यांची एकुलती एक लेक शालन कारवारच्या मासळीवाल्याशी आपल्या मर्जीनं लग्न करून गेली. तेव्हापासून म्हाताऱ्यानं तिचं नाव टाकलं होतं. बायको आधीच गेलेली. घरी चूल एकट्याची, म्हणून माझ्या पायरीवर मुक्काम! मी गिऱ्हाइकांना हसत सांगे, "आप्पांना माशात जावई दिसतो."

एका सकाळी आप्पा पंच्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. चिठ्ठी नाही, लेबल नाही. बूच काढताच दुकानभर मासळीबाजार झाला.

"शालीनं धाडलंय. गुडघ्यासाठी. येष्टीच्या कंडक्टरसंगं."

अशी संधी मी सोडतोय होय? "चोथाच की हा, आप्पा! ओता गटारात."

"लेकीनं धाडल्यालं गटारात वतू?"

"मग ठेवा तसंच."

"बाटली म्हागारी धाडाय नगं? आनी लेकीच्या घरचं भांडं रिकामं धाडत्यात व्हय रं? काकवी भरून धाडणार हाय. लई आवडायची तिला."

मी फळीवरची नवी रिकामी बाटली काढून दिली. तेलाच्या बाटलीत काकवीला मासळीचा वास लागेल, म्हटलं. त्यांनी ती हातानं बाजूला सारली. "तिचीच पायजे. ती बाटली रिती करून धाडली तरच शाली वळखंल, बानं वापरलं म्हणून."

मग माझ्याकडनं चमचा मागून घेतला, बिडी विझवली आणि डोळे मिटून तेल प्यायले. तोंड असं वाकडं झालं की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"इख असंल की त्यात," मी कसंबसं म्हणालो.

"असंल की. हायच," आप्पा म्हणाले. बाटली उजेडात धरून किती उरलंय ते पाहिलं, आणि घाईघाईनं दुसरा चमचा भरला.