पाण्याखाली मागून कोण खेचतं?

“या जगात दोनच गोष्टी माझ्यापासून लपू शकत नाहीत. एक गुन्हेगार आणि दुसरं सत्य,” भावोजी खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. “बाकी जे काही लपतं, ते मी मुद्दाम लपू देतो.”

भावोजी पोटापाण्यासाठी इमारतींच्या लिफ्ट तपासायचे, पण अंगात होता गुप्तहेर. त्यांनी हाती घेतलेलं प्रत्येक प्रकरण आजवर सुटलं होतं; बहुतेक आपोआप. हरवलेली स्कूटरची किल्ली स्कूटरलाच लटकलेली सापडली, तेव्हा चोर घाबरून परत ठेवून गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. त्यांचा मदतनीस म्हणजे मेहुणा. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची सोय नसते, एवढीच त्याची पात्रता.

यावेळचं प्रकरण मात्र मेहुण्याच्या घरातच शिरलं होतं. त्याची थोरली बहीण, म्हणजे भावोजींची बायको, आणि त्याची स्वतःची बायको मिळून डायव्हिंगची शाळा चालवायच्या. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून लोकांना समुद्राखाली फिरवून आणायच्या. मेहुणा होडी चालवायचा आणि सिलिंडर भरायचा. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ बघून लोकांच्या पोटात दुखायचं. आणि आता बायको म्हणत होती, की पाण्याखाली नणंद तिला मागून खेचते.

“हवेचा मीटर बघायला गेले, की नेमका तेव्हाच पाठीत हिसका बसतो,” बायकोने शाळेच्या दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं. “वळून बघावं तर मागे कोण? वन्सं!” एरवी ती ताई म्हणायची. राग आला की ताईचं वन्सं व्हायचं.

“मी मागे असते गं, पण तुला बोटसुद्धा लावत नाही,” बहीण म्हणाली.

“मग एवढं चिकटून कशाला येता?”

यावर बहीण सिलिंडरचे पट्टे आवरायला लागली आणि तिथेच सगळं चिघळलं. बायकोने जाहीर केलं, उद्यापासून माझी शाळा वेगळी. कुणाची होडी चालवायची ते ज्याने त्याने ठरवावं. तो ‘ज्याने त्याने’ म्हणजे आपणच, हे मेहुण्याला कळत होतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि पट्टीचं पोहता येत असूनही त्याचा उपयोग शून्य.

“हेतू उघड आहे,” भावोजी म्हणाले. “हवा किती उरली हे हिला कळू नये, अशी कुणाची तरी इच्छा आहे.”

“अहो, तुम्ही माझ्याबद्दल बोलताय,” त्यांच्या बायकोने आठवण करून दिली.

भावोजींना घरी रात्रीचं जेवायचं होतं. त्यांनी तत्काळ दिशा बदलली. “म्हणूनच माझा संशय ऑक्टोपसवर आहे. आठ हात. एखादा रिकामा असणारच.”

“इथे ऑक्टोपस नाहीत, भावोजी,” मेहुणा म्हणाला.

“तेच तर संशयास्पद आहे!” मग त्यांनी मेहुण्याकडे रोखून पाहिलं. “किंवा तू. दोघींच्या भांडणात फायदा कुणाचा?”

“माझा? मला घरात कुणी पाणीसुद्धा विचारत नाही!”

शेवटी भावोजींनी गुन्ह्याचं प्रात्यक्षिक करायचं ठरवलं, अर्थात कोरड्या जमिनीवर. मेहुण्याच्या बायकोचा सिलिंडर त्यांच्या पाठीवर चढवला. सिलिंडरपासून निघालेली रबरी नळी डाव्या कुशीतून पुढे येत होती आणि तिच्या टोकाला मीटर होता. ही नळी पूर्वी लांब होती. पाण्यात लोंबकळते, खडकांवर घासते, म्हणून या मोसमात बायकोच्याच सांगण्यावरून मेहुण्याने आखूड बसवली होती.

“सगळे माझ्यासमोर उभे राहा,” भावोजींनी फर्मावलं. “मागे कुणी नको. आता मी मीटर बघतो.” त्यांनी मीटर धरला, डोळे बारीक केले, हात लांब केला, अजून लांब केला, आणि पाठीत असा हिसका बसला की ते गर्रकन फिरून भिंतीवर टांगलेल्या रबरी पोशाखांत घुसले.

“पकडला!” त्यांनी एका रिकाम्या पोशाखाला घट्ट मिठी मारली आणि त्याच्यासकट खाली बसले.

बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. “अहो, मीटर एवढा लांब कशाला धरलात? नळी ताणली, सिलिंडर ओढला गेला.”

“लांब कुठे? जवळून आकडे नीट लागत नाहीत. फारच बारीक आहेत.”

“बारीकच आहेत!” बायको एकदम बोलून गेली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला.

“मला चांगलं दिसतं,” ती म्हणाली. “फक्त जवळचं... लांबून जास्त चांगलं दिसतं.”

चाळिशी लागली होती, एवढंच. मेहुणा हसणार होता, पण बहिणीचा चेहरा बघून थांबला.

“मलाही नाही दिसत गं,” ती हळूच म्हणाली. “मनगटावरच्या कॉम्प्युटरवर किती खोल, किती वेळ, सगळं अंधुक. सांगायची लाज वाटली. म्हणून तुझ्या मागे चिकटून असते. तू वर निघालीस की मी निघते.”

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आणि मीच चुकले असते तर?”

“तर मीही चुकले असते. तुझ्या मागोमाग.”

बायकोने नणंदेचा हात धरला. “ताई,” ती म्हणाली, “नवे चष्मे येईपर्यंत दोघींपैकी कुणी पाण्यात उतरायचं नाही.”

मग मेहुण्याने लांब नळी शोधून आणली, मोठ्या आकड्यांचे कॉम्प्युटर मागवायचं ठरलं, आणि दोघी टेबलावर सामान मांडून बसल्या.

“मीटर छातीवर अडकव.”

“छातीवर टोचतो. कमरेला बरा.”

“कमरेला कुणाला दिसणार, माशांना?”

“कुणीतरी हे पट्टे सोडवा,” भावोजी जमिनीवरून म्हणाले. “प्रकरण सुटलं, मी अडकलोय.”

“थांबा हो जरा!” दोघी एका सुरात ओरडल्या आणि पुन्हा भांडायला लागल्या. मेहुण्याच्या जिवात जीव आला.

“उद्या होडी कुणाची?” तरी त्याने खात्रीसाठी विचारलं.

“आमची,” बायको मान वर न करता म्हणाली. “आधी चष्मेवाल्याच्या धक्क्याला लाव.”