दोन सीटांची पाठवणी

बंद पडलेल्या वस्तूकडे खैरनार ढुंकूनही बघत नसत. बंद पंखा, बंद रेडिओ घेऊन कुणी गेलं तर “दुकानात टाका” म्हणून मोकळे व्हायचे. चालू वस्तू दिसली की मात्र त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा मी मिक्सरवर चटणी वाटत होते. खैरनार दारातून आत आले, मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “ताई, काय शे ना, हा थोडा दमतोय.” मी नको नको म्हणते तोवर चटणीसकट मिक्सर उचलून गेलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी मिक्सर परत आला तो इतका ताकदीचा होऊन, की पुढची दोन वर्षं झाकण दाबून धरायला आमच्या ह्यांना ओट्याशी उभं करावं लागायचं.

गंगापूर रोडवर आमची दोन घरं शेजारीशेजारी. खैरनार मूळचे सटाण्याकडचे. पंचवीस वर्षं नाशकात काढून बोलणं आमच्यासारखं झालं होतं, पण ‘आहे’ऐवजीचं ते “शे” काही सुटलं नव्हतं, आणि राग आला किंवा आनंद झाला की पाठोपाठ अख्खी अहिराणी बाहेर यायची. सातपूरच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते. घरी बसलेले मी त्यांना पाहिलेच नाहीत. चहा फिरत प्यायचे, जेवण उभ्याने. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर दुसऱ्या अध्यायात उठून फ्यूजची पेटी उघडून बघत होते. भटजी पोथी वाचायचे थांबले, कारण त्यांना वाटलं आता लाइट जाणार. लाइट गेलेच.

नव्वदच्या सुमारास त्यांची बायको गेली. ज्योती, त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा चौथीत होती. आणि दोन महिन्यांच्या आत ह्या गृहस्थांनी काय करावं? देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी बाबांकडून जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार विकत घेतली. बसकी, लांब नाकाची, दोन दारं, दोन सीटा आणि वर कापडाचं छत. म्हणजे कधीकाळी असलेलं छत. टेम्पोत घालून आणली. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तीही गाडीबरोबर आली. चार दिवसांनी बाबांचा माणूस कोंबडी मागायला आला. गाडी परत नेतो का, म्हणून मी विचारून पाहिलं. त्याने हात जोडले.

मी तेव्हा खैरनारांना खूप बोलले. माझं तोंड तसं फाटकंच. घरात पोर आईविना, आणि हे भंगार कुरवाळत बसणार, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातल्या पान्याशी खेळत म्हणाले, “ताई, पोरीशी बोलायचं काय ते मला येत नाही. तिची आई बोलायची. आता पाना मागितला म्हणजे ‘दे’ तरी म्हणता येतं. ती ‘घ्या’ म्हणते. तेवढं तर तेवढं.” मी घरी आले आणि स्वतःचाच राग येऊन दुपारभर भांडी घासत बसले.

त्यानंतर बारा वर्षं आमच्या गल्लीतला एकही रविवार सुखाचा गेला नाही. त्या गाडीचा एक नटसुद्धा नाशकात मिळायचा नाही. मग जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या लेथवर पार्ट घडवायचे. वायपरची मोटर रिक्षाची, हॉर्न द्वारका चौकातून आणलेला ट्रकचा, सीटांचं रेक्झिन भद्रकालीतल्या सोफेवाल्याकडचं. एवढीशी गाडी आणि हॉर्न वाजला की म्हशी रस्ता सोडून शेतात उतरायच्या. ज्योती शाळेचा गृहपाठ बॉनेटवर वही ठेवून करायची. तिच्या भूमितीच्या वहीवर ग्रीसचे अंगठे असायचे, आणि बाईंनी विचारलं तर ती सरळ “अण्णांचे आहेत” म्हणून सांगायची.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत गाडी पहिल्यांदा नीट चालली. बापलेक सोमेश्वरला जाऊन आले. साऱ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर इंजिन बाहेर काढून पोत्यावर ठेवलेलं.

“आता काय बिघडलं?” मी विचारलं.

“बिघडलं काही नाही. पळते. पण अजून पळंल.”

त्यांचं ते “अजून” कधी संपलंच नाही. ज्योती कॉलेजात गेली, नोकरीला लागली. गाडी तिला तोंडपाठ होती. दुसरा गियर टाकताना जरा थांबायचं, चढावर छातीशी धरल्यासारखं स्टिअरिंग धरायचं, हे खैरनारांखेरीज तिलाच ठाऊक. तिच्यासाठी स्थळं येऊ लागली तशी खैरनारांची घालमेल वाढली. एका आठवड्यात त्यांनी माझी इस्त्री, शेजारच्यांची पाण्याची मोटर आणि नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, असं सगळं “सुधारून” ठेवलं. गिरणीवाला तर त्यांना बघितलं की शटर ओढायचा.

शेवटी मनमाडचं स्थळ जमलं. मुलगा सुनील, रेल्वेत इंजिनावर असिस्टंट ड्रायव्हर. सुपारी फोडायच्या बैठकीत व्याही म्हणाले, तुमची काही अट असेल तर सांगा. खैरनार उभे राहिले. बसलेले होतेच कुठे म्हणा. म्हणाले, “अट एकच शे. मनी पोर, माझी पोर, ह्या घरातून मनी गाडीतच जाईल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी स्वस्त अट कोण नाकारील? पेढे वाटले गेले.

पेढा माझ्या तोंडात होता तेव्हाच मला ते सुचलं. “अहो खैरनार,” मी म्हटलं, “गाडीत सीटा दोन. नवरा आणि नवरी. मग चालवणार कोण?”

बारा वर्षं ह्या माणसाने ती गाडी मायक्रॉनमध्ये मोजली होती आणि माणसं मोजायची राहिली होती. सगळ्यांनी सुनीलकडे बघितलं. सुनील लाजून म्हणाला, “मला फक्त रेल्वेचं इंजिन येतं. तिथं वळवायचं काम आपल्याकडं नसतं, रूळच वळतात.”

लग्नाला तीन आठवडे होते. खैरनारांनी गाडी उघडली. मागची डिकी कापून तिथे तिसरी सीट बसवायची, असा बेत. तीन आठवडे ठोकाठोक चालली. गावाहून त्यांची थोरली बहीण, आक्का, आली होती. ती मला विचारायची, “ह्या गाडीले पाहुणे कोठे बसतीन?” मी म्हणायचे, पाहुणे राहू द्या, आधी गाडी कुठे आहे ते शोधा. दार अंगणात, सीटा माझ्या व्हरांड्यात, रेडिएटर तुळशीपाशी. हा माणूस मुद्दाम वेळ काढतोय की काय, अशी मला शंका यायला लागली होती. गाडी जोडली नाही तर पोर जायची नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. ज्योतीलाही तेच वाटत असणार. हळदीच्या आदल्या दिवशी ती अंगणात आली, ओढणी खोचली आणि म्हणाली, “अण्णा, तिसरी सीट राहू द्या. मी चालवते.”

“नवरी गाडी चालवंल? लोक काय म्हणतील?”

“मग तुम्ही चालवा. मी माहेरीच बसते.”

खैरनार हसले नाहीत. कापलेल्या पत्र्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, “तीन सुती पाना दे.” रात्रीच्या जेवणाआधी गाडी जोडून झाली होती.

हळदीच्या दिवशी आणखी एक प्रकार. मनमाडहून नवऱ्याची उष्टी हळद आली. वाटी पाटाशी ठेवली, बायका गाणी म्हणायला लागल्या, आणि आक्का हळद घ्यायला वळते तर वाटी नाही. शोधाशोध. खैरनार अंगणात रेडिएटरमध्ये ती हळद ओतत होते. रेडिएटर ठिबकत होता, आणि ठिबकणाऱ्या रेडिएटरला हळद घालावी हे मेकॅनिक लोकांचं जुनं औषध. हळद जाऊन भोकात बसते म्हणे. पण उष्टी हळद? आक्काने कपाळ बडवून घेतलं. हळद घेऊन आलेली मनमाडची मंडळी तोंडं पाडून उठायला लागली. अपशकुन, अपमान, असे शब्द ऐकू आले. खैरनार कावरेबावरे झाले. “काय शे ना, समोर दिसली,” एवढंच पुटपुटले. तेव्हा पाटावरून ज्योती म्हणाली, “असू द्या ना. गाडीपण माझ्याबरोबर सासरीच चाललीये.” एक म्हातारी मामी खुदकन हसली आणि तिच्यामागून सगळी मंडळी परत बसली. ज्योतीला लागली ती तळाशी उरलेली चमचाभर हळद.

लग्नानंतर पाठवणी घरापासून झाली. डोक्याला मुंडावळ्या, अंगावर शालू, आणि नवरी ड्रायव्हरच्या सीटवर. शेजारी सुनील, मांडीवर नारळ आणि दोन्ही हातांनी दार धरलेलं. पाठराखीण मागच्या जीपमध्ये. ज्योतीने ट्रकचा हॉर्न दिला आणि वाजंत्रीवाले वाजवायचं विसरले. बापाने मुलीला पोचवायला जायचं नसतं, म्हणून खैरनार फाटकात उभे राहिले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मान तिरकी करून ऐकत होते. मग घरात गेले. त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर खुर्चीवर बसले होते.

गाडी मनमाडलाच राहिली. पण दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती ठसकत, आचके देत आमच्या गल्लीत शिरायची. खैरनार सहापासून फाटकात असायचे. “मिसिंग मारतेय अण्णा,” ज्योती म्हणायची. बॉनेट उघडायचं, “दे”, “घ्या” चालायचं, अर्ध्या तासात गाडी गुण्यागोविंदाने गुरगुरू लागायची. मग शेवभाजी, भाकरी, गप्पा, आणि दुपारी ज्योती परत. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

वर्षभर हे बघितल्यावर माझा तोंडाळपणा उफाळून आला. “एवढे तुम्ही टूलरूमवाले,” मी म्हटलं, “आणि एक खोट वर्षभरात निघत नाही? पोर चांदवडचा घाट एकटी ओलांडून येते. तुम्हाला काही वाटतं का?”

खैरनारांनी इकडेतिकडे बघितलं. ज्योती आत भाकरी करत होती. ते हळूच म्हणाले, “ताई, इंजिनात करंट वाटायची एक डबी असते. तिच्यात बारीक स्क्रू शे. पोर निघताना तो मी अर्धा फेरा सैल ठेवतो. पाठवणीच्या दिवशी पण ठेवला होता. गाडी थांबत नाही, नुसती कुरकुरते. ब्रेकला मी हात लावलेला नाही, आईची शपथ.” मग बनियनला हात पुसत म्हणाले, “गाडी नीट चालली तर ती कशाला येईल?”

मला रागही आला आणि रडूही. पोरीला फसवायचं म्हणजे काय? मी तशीच तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि ज्योतीला सगळं सांगून टाकलं. सांगताना वाटलं, आता ही चिडेल, रडेल.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. “काकू, तो स्क्रू मी लग्नाच्या दिवशीच आवळला,” ती म्हणाली. “चांदवडच्या घाटात गाडी आचके द्यायला लागली. शालू खोचून उतरले, सुनीलनं मुंडावळ्या वर धरल्या आणि मी डबी उघडली. मला तर तेव्हाच कळलं, कुणी सैल केलाय ते.”

“मग आजही गाडी ठसकत कशी आली?”

“इथून गेले की आवळते. पंधरा दिवस मस्त पळते, मनमाडात कुणाची गाडी इतकी पळत नाही.” तिने भाकरी फुलवायला विस्तवावर धरली. “येताना ओझरच्या पुढं, नाशिक यायच्या आधी, एक कडुलिंब आहे. तिथं सावलीत उभी करते आणि अर्धा फेरा परत सैल करते.”