आई वांगें घेते

आमच्या शेजारच्या रुक्मिणीअक्का स्वतःच्या आयुष्याचं धावतं वर्णन करत जगतात. "आई वांगें घेते. वांगें जांभळें. आई वांगें पिशवींत टाकिते." हे भर बाजारात आणि खणखणीत आवाजात. मी सोलापूरहून लग्न होऊन कुंभकोणमला नवी आले होते. मला वाटलं, तंजावरी मराठीत असंच बोलत असतील!

खरं कारण त्यांची लेक मैथिली. दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना, बोट दाखवून काही मागेना. पंख्याकडे मात्र टक लावून बघे. सासरचे म्हणाले, "आपल्याकडे सगळे उशिराच बोलतात, थांब." अक्का कुठल्या थांबतात! पोरीला घेऊन तंजावूरच्या डॉक्टरांकडे गेल्या. ऑटिझम आहे असं कळलं. परतीच्या गाडीत पापनाशम् स्टेशन येईपर्यंत रडल्या, मग डोळे पुसून सुरू झाल्या, "आगगाडी थांबली. माणसें उतरतात." स्पीच थेरपीच्या बाईंनीच सांगितलं होतं, जे दिसतं, जे करता, ते पोरीला सोप्या शब्दांत सांगत राहा, घरच्या भाषेत.

लग्नाला गेल्या तरी अक्का वधूवरांआधी मांडवातली बाळं बघणार. "हाकेला वळतो काय? बोट दाखवितो काय?" आया बाळं पदराखाली लपवायच्या. पण चोळपुरमची एक सून नंतर हळूच घरी आली. तिच्या लेकाला अक्का स्वतः तंजावूरला घेऊन गेल्या.

मैथिलीच्या शाळाप्रवेशाला मी सोबत होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलगी एका जागी बसत नाही. घेता येणार नाही."

अक्का मैथिलीकडे वळल्या आणि मुद्दाम तमिळमध्ये सांगू लागल्या, "मोठ्या बाई चष्मा काढतात. मोठ्या बाईंना राग येतो."

बाईंना हसू फुटलं.

"मोठ्या बाई हसतात," अक्कांनी तेही सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "महिनाभर ठेवून बघा. मी बाहेर पायरीवर बसते. लागलं तर हाक मारा."

महिनाभर बसल्या. मैथिली आता दुसरीत आहे. अजूनही वर्गात फेऱ्या मारते, पण फळ्यावरचं सगळं वाचते. माझ्याकडे पाहुणे आले की मीच त्यांना अभिमानानं हे सांगते.

गेल्या आठवड्यात अक्का केसरीचा, म्हणजे इकडच्या शिऱ्याचा, डबा घेऊन धावत आल्या. "मैथिली बोलली!"

'पाणी', 'पंखा', 'नको' असे सुटे शब्द ती बोलायचीच. मी विचारलं, "काय बोलली?"

"मी म्हणत होतें, आई पीठ ओतते, डोसा गोल. तर पोर कानांवर हात ठेवून म्हणते, आई, गप्प बस!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता अक्का खाली टेकल्या.

"इतकीं वर्षें मी एकटीच बोलत होतें ग," त्या म्हणाल्या. "आज ती माझ्याशीं बोलली."

त्यांनी माझा हात धरून ठेवला.