लाल गाडीवर नजर

आईच्या हातात वाचनालयाचं पत्र होतं आणि बसचालकाची टोपी अजून डोक्यावरच होती. म्हणजे पत्र जिन्यातच फोडलेलं. भिंगरीने ओळखलं, आता आपली धडगत नाही.

“‘माझी आई रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून सुटलेल्या गावासाठी झुरते,’” आईने वाचून दाखवलं. “मी कधी गं झुरले?”

“थोडीशी झुरतेस.”

“खालचा तो लिफ्ट दुरुस्त करणारा आपल्या जागेत लाल गाडी लावतो. त्याच्यावर नजर ठेवते मी.”

“पण आपल्याकडे गाडी कुठाय?”

“गाडी नसली म्हणून काय झालं? जागा आपली आहे ना?”

“असल्या गोष्टीला बक्षीस कोण देणार, आई?”

मुद्दा बिनतोड होता. वाचनालयाची स्पर्धा इथल्या मूळच्या आणि बाहेरून आलेल्या घरांतल्या मुलांसाठी होती. विषय होता ‘आपण कुठले?’ गेल्या वर्षापर्यंत वर्गात ‘हजर’ म्हणतानाही भिंगरीची बोबडी वळायची. यंदा तिला जो कंठ फुटला, तो बंद व्हायचं नाव घेईना. एका बैठकीत तिने सात पानं लिहून काढली. पहिल्या पानावर आई झुरत होती, तिसऱ्यावर हुंदके देत होती आणि सातव्यावर, गावाहून येताना काढलेलं बसचं परतीचं तिकीट उशीखाली घेऊन झोपत होती. वाचताना ग्रंथपाल बाई म्हणे दोनदा उठून तोंड धुऊन आल्या. गोष्ट पुस्तकात छापली जाणार होती. अट एकच, ती खरी हवी. भिंगरीने बेधडक तशी सही ठोकली होती. आणि आता बाईंनी कार्यक्रमाला चक्क आईलाच बोलावलं होतं.

“तू काही बोलू नकोस,” भिंगरीने विनवलं. “नुसती उदास दिस.”

“दिवसभर बस चालवून तेवढं आपोआप जमतं.”

शनिवारी आई कामावरून थेट पहिल्या रांगेत येऊन बसली आणि इतकी उदास दिसली, की शेजारच्या बाईने तिला पाणी दिलं. भिंगरीने खणखणीत आवाजात गोष्ट वाचली. टाळ्या पडल्या. गंगेत घोडं न्हालंच होतं, पण बाईंनी माइक आईपुढे धरला.

“ताई, त्या खिडकीतून तुम्हाला काय दिसतं?”

आई पिवळ्या सिग्नललासुद्धा बस थांबवणाऱ्यांतली. खोटं बोलणं तिच्या रक्तातच नव्हतं.

“पार्किंग,” ती म्हणाली.

कुणीतरी पुस्तकातलं आपलं पान टर्रकन फाडतंय, असं भिंगरीला दिसायला लागलं.

“आमच्या जागेत एक लाल गाडी लागते,” आई पुढे म्हणाली. “तिच्यासाठी उभी असते मी. रोज.”

मागच्या रांगेतून लिफ्टवाले काका उठले. त्यांची माणसं इथली मूळची, हे शहर वसायच्या आधीपासूनची. त्यांच्या नातीचीही गोष्ट निवडली गेली होती.

“ताई,” ते म्हणाले, “ती गाडी विकून दोन वर्षं झाली.”

आईचा हात टोपीकडे गेला.

“विकली?”

“काय करणार? आम्ही सगळ्यांच्या आधीचे, पण गाडी लावायला हक्काची जागा नाही. तुम्ही खिडकीत दिसायचात तेव्हा वाटायचं, तुमचंही माझ्यासारखंच असेल.”

“तुमच्यासारखं म्हणजे?”

“तुमच्या त्या जागेत आमची विहीर होती. मीही खालच्या खिडकीतून बघत असतो.”

ग्रंथपाल बाई तिसऱ्यांदा तोंड धुवायला गेल्या.

घरी आल्यावर आईने टोपी खुंटीला अडकवली आणि सवयीने खिडकीपाशी गेली. खाली जागा रिकामी होती.

“एक सांगते,” ती खालीच बघत म्हणाली. “ते उशीखालच्या तिकिटाचं साफ खोटं आहे.”

“हो गं. ते मी रचलं.”

“उशीखाली चुरगळतं ते. टोपीच्या अस्तरात असतं.”

भिंगरीने खुंटीकडे पाहिलं, मग आईकडे.

“तारीख कधीच उलटलीय त्याची,” आई घाईघाईने म्हणाली. “पण बसवालीने तिकीट फेकू नये. आणि हे लिहायचं नाही, सांगून ठेवते.”

भिंगरीने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि पेन शोधायला आत पळाली.